हाताचे माप

माझ्या कार्यालयातल्या काचेच्या कपाटात शाळेला मिळालेल्या ढाली, चषक आणि दोन-तीन मानपत्रे आहेत. त्यांच्याच शेजारी अक्रोडाच्या लाकडाची एक वेडीवाकडी वस्तू ठेवली आहे. तपासणीला येणारे साहेब हमखास विचारतात, "हे काय हो, हेडमास्तर?" कुणाला तो एखाद्या मूर्तीचा तुटलेला भाग वाटतो, कुणाला मुलांचे खेळणे. ती पिस्तुलाची मूठ आहे असे सांगितले, की समोरचे गृहस्थ खुर्ची थोडी मागे घेतात. मग मला सगळी हकिकत सांगावी लागते.

आमचे गाव निपाणीच्या बाजूचे. तंबाखूचा पट्टा. शाळेतल्या निम्म्या मुलांच्या आया घरी विड्या वळतात. त्यांतल्याच एका बाईंची ही मुलगी. तिचे नाव इथे घालत नाही, तिलाच ते आवडणार नाही. मुलगी डावरी. डाव्या हाताने जेवते म्हणून घरी बोलणी खाल्लेली, डाव्या हाताने लिहिते म्हणून बोटांवर पट्टीही खाल्लेली. आठवीत आमच्याकडे आली तेव्हा कुणी हाक मारली तरी आधी हात मागे लपवायची.

कोल्हापूर आमच्यापासून चाळीसेक किलोमीटरवर. तेजस्विनी सावंत 2010 साली म्युनिकला जगज्जेती झाली, राही सरनोबतने 2018 साली आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले, तेव्हापासून नेमबाजीचे वारे नदीअलीकडेही वाहू लागले होते. आमच्या एका माजी विद्यार्थ्याने आपले जुने पिस्तूल शाळेला दिले. हवेच्या दाबावर चालणारे, साडेचार मिलिमीटरच्या छर्ऱ्याचे. जुन्या कौलारू दालनात आम्ही 10 मीटर अंतर मोजून एका टोकाला लक्ष्य टांगले. खेळाच्या सरांनी हौशी मुलांची रांग लावली. त्या रांगेत शेवटी उभी राहिलेली ही मुलगी. तिने डाव्या हातात पिस्तूल धरले आणि पहिल्या दहा छर्ऱ्यांतच सरांनी मला बोलावणे पाठवले.

अडचण मुठीची होती. स्पर्धेच्या पिस्तुलाची मूठ विळ्याच्या मुठीसारखी गोल नसते. तळहाताचा उंचवटा, बोटांच्या खाचा, अंगठ्याची जागा, सगळे त्यात कोरलेले असते. उजव्याची मूठ डाव्याला चालत नाही. आमच्या पिस्तुलाची मूठ उजव्या हाताची, त्यातून एका दांडग्या तरुणाच्या मापाची. त्या पोरीचा हात तिच्यात आईची चप्पल घातलेल्या पायासारखा दिसायचा.

मी मराठीचा एम. ए., मला यातले काय कळणार? पण गणिताच्या सरांनी फळ्यावर आकृती काढून दाखवली. पिस्तुलाची पुढची माशी आणि मागची खाच यांत साधारण 35 सेंटीमीटर अंतर. तिथे एका मिलिमीटरची चूक झाली, तर 10 मीटरवर छर्रा सुमारे 28 मिलिमीटर बाजूला जातो. आणि दहा गुणांचे वर्तुळ केवढे? 11.5 मिलिमीटर व्यासाचे. हात प्रत्येक वेळी मुठीत एकाच जागी बसला नाही, तर नजर कितीही चांगली असो, उपयोग नाही.

कुणीतरी युरोपातल्या एका छोट्या कारखान्याचा पत्ता दिला. बापलेक दोघे मिळून हाताने मुठी कोरतात म्हणे. कागदावर हात ठेवून भोवती पेन्सिल फिरवायची, बोटांची लांबी-रुंदी लिहायची आणि पाठवायचे. जून 2022 मध्ये माझ्याच टेबलावर, हजेरीपटाच्या कोऱ्या पानावर तिच्या डाव्या हाताची आकृती काढली. खाली मी तारीख घातली. शिक्षकांनी वर्गणी काढून 17,000 रुपये जमवले. सगळे पैसे आगाऊ भरले. उत्तर आले, आठ आठवड्यांत मूठ रवाना होईल. राज्य स्पर्धा नोव्हेंबरात होती. हिशेब नीट बसत होता.

आमचे सुतारमामा तेव्हा शाळेची बाके दुरुस्त करत होते. त्यांनी ती आकृती पाहिली आणि मान हलवली. "सर, दांडा माणसाला बघून करायचा असतोय, कागदाला बघून न्हवं. मी करून बघू काय?" मी हसून विषय टाळला. खुरप्याला मूठ बसवणाऱ्या माणसाने ऑलिंपिकच्या खेळात हात घालावा, हे मला पटले नाही. आज हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा नेमके हेच मनात आले होते.

ऑगस्ट गेला. मी पत्र लिहिले. "काम चालू आहे" असे उत्तर आले. गणपती गेले, पुन्हा लिहिले. "पुढच्या आठवड्यात." दसऱ्याला लिहिले, उत्तरच नाही. मग माझे इंग्रजी पत्रागणिक कडक होत गेले. मुलगी रोज मधल्या सुटीत दाराशी येऊन उभी राहायची. विचारायची काहीच नाही, नुसती बघायची. तिला धीर द्यावा म्हणून मी हंगेरीच्या कारोली टाकाचची गोष्ट सांगितली. सैन्यातला नेमबाज. 1938 साली हातबाँब फुटून उजवा हात निकामी झाला, तर गड्याने डाव्या हाताने सराव केला आणि 1948 आणि 1952 अशा दोन ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवले. तिने मन लावून ऐकले आणि विचारले, "सर, त्येला डाव्या हाताची मूठ कुणी करून दिली?" माझ्याकडे उत्तर नव्हते.

नोव्हेंबरात रात्रभर बसने प्रवास करून खेळाचे सर तिला बंगळूरला घेऊन गेले. जुन्याच मुठीला कापडाची पट्टी गुंडाळून ती साठ छर्रे खेळली. पहिल्या चाळिसांत सगळ्यांच्या पुढे होती. शेवटच्या विसांत घामाने पट्टी सरकली. तीन गुणांनी राहिली. परत आल्यावर माझ्याकडे आली आणि एवढेच म्हणाली, "सर, पैसे वाया गेले काय हो सगळ्यांचे?" हरल्याचे दुःख तिला होतेच, पण तिला वर्गणीची काळजी जास्त. विडीच्या घरातल्या पोरीला 17,000 म्हणजे किती, हे आपल्याला नुसते आकड्याने कळायचे नाही.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः सुतारमामांच्या दारात गेलो. ते रुसले नाहीत. पण म्हणाले, "आता यल्लम्माची जत्रा हाय. जत्रा हुईपर्यंत मी हात लावणार न्हाई. त्यानंतर आठ दिवस पोरीला रोज सांजचं पाठवा." मला महिनाभर थांबावे लागणार होते, तरी त्या उत्तराने केवढे बरे वाटले! किती थांबायचे ते कुणीतरी खरे सांगितले होते.

जत्रेनंतर काम सुरू झाले. शिसवीचा ठोकळा घेऊन मामांनी आधी मूठ चांगली जाड ठेवली. मग मुलीच्या तळहाताला ओला काव फासला आणि म्हणाले, "धर." जिथे काव लागला, तिथे कानस चालली. पुन्हा काव, पुन्हा कानस. "दुखतंय कुठं?" "इथं, करंगळीच्या खाली." असे आठ दिवस. नियम असा, की सगळे पिस्तूल 420 बाय 200 बाय 50 मिलिमीटरच्या पेटीत मावले पाहिजे, वजन दीड किलोच्या आत राहिले पाहिजे आणि मुठीने मनगटाला आधार देता कामा नये. मामांनी तेवढ्या मापाची पेटीही करून टाकली. शेवटी जवसाचे तेल चोळले. मुलीने मूठ धरली, डोळे मिटले, हात वर केला आणि डोळे उघडले. माशी बरोबर खाचेच्या मधोमध. ती काही बोलली नाही, पण हात मागे लपवलाही नाही.

आणि मग मे 2023 मध्ये परदेशातले पार्सल आले. कागदपत्रांत पिस्तूल हा शब्द असल्याने सीमाशुल्काच्या कचेरीतही ते तीन आठवडे अडकले होते. अकरा महिने! उघडून पाहिले तर काम अप्रतिम. अक्रोडाच्या रेषा पाण्यावरच्या लाटांसारख्या. मुलीला बोलावले. तिने हात घातला आणि माझ्याकडे पाहिले. बोटे खाचांच्या बाहेर येत होती. मी फायलीतून तो हजेरीपटाचा कागद काढला. तिने त्यावर हात ठेवला. चारही बोटे पेन्सिलीच्या रेषेपलीकडे गेलेली. मूठ बरोबरच होती. कारागिराने दिलेल्या मापात तसूभर चूक केली नव्हती. जूनमधला हात मात्र आता राहिला नव्हता.

पार्सलात मुलाची चिठ्ठी होती. शेवटचा हात वडील फिरवत असत. त्यांची दृष्टी अधू झाली होती, आणि आज बरे वाटेल, उद्या वाटेल म्हणून तो थांबत राहिला. ग्राहकाला हे कळवणे त्याला वडिलांचा अपमान वाटला. शेवटी सगळे काम त्याने एकट्याने पुरे केले. माझी कडक पत्रे आठवून मला अपराधी वाटले. तरीही मनात आले, की बाबा रे, हेच ऑगस्टमध्ये लिहिले असतेस तर आम्ही तुझ्यावर रागावलो नसतो. जत्रेसाठी थांबलो, तसे तुझ्या वडिलांसाठीही थांबलो असतो, किंवा वेळीच दुसरी सोय केली असती. हाताच्या कामाला उशीर होणारच. पण "पुढच्या आठवड्यात" या शब्दांनी आमचा नोव्हेंबर नेला.

आपण सीमाभागातली माणसे वाट पाहण्यात मुरलेली. 1956 पासून पाहतो आहोत. आयोग पाहिला, 2004 सालच्या दाव्याच्या तारखा पाहिल्या. त्यामुळे आपल्याला थांबवून ठेवणाऱ्यांची नावे आपल्याला तोंडपाठ असतात. आपण कुणाला थांबवतो, हे मात्र लक्षात येत नाही. त्याच मे महिन्यात एक मुलगा दाखल्यासाठी चौथ्यांदा आला होता. लेखनिकाने सवयीने सांगितले, "उद्या ये." मीही सवयीने मान डोलावली. मुलगा वळला, आणि माझी नजर टेबलावरच्या त्या अक्रोडाच्या मुठीवर गेली. त्याला परत बोलावले. चौकशी केली तर आयटीआयच्या प्रवेशाला दोनच दिवस उरले होते. दाखला अर्ध्या तासात तयार झाला. तीन खेपा त्याने कशासाठी घातल्या होत्या, याचे उत्तर आमच्या दोघांकडेही नव्हते.

तेव्हापासून कार्यालयात एक वही ठेवली आहे. आलेल्या प्रत्येक अर्जापुढे, काम कोणत्या तारखेला होईल ते लिहायचे. होणार नसेल तर तसे लिहायचे. दर वेळी पाळले जातेच असे नाही, पण "उद्या ये" म्हणताना आता जीभ अडखळते.

मुलगी पुढच्या वर्षी शिसवीच्या मुठीने खेळली आणि राज्याच्या संघात गेली. आता ती कॉलेजात आहे. सुटीत आली की कार्यालयात डोकावते. परवा आली तेव्हा माझ्याबरोबर आठवीतली एक डावरी पोर उभी होती, हात मागे घेऊन. हिने कपाट उघडले, अक्रोडाची मूठ काढली आणि तिच्यापुढे धरली.

"घालून बघ गं हात," ती म्हणाली, "लवकर बघ. तुझा बी वाढंल."