उतारवयातील घोटा: भनपुरीत घ्यावा लागलेला एक निर्णय

घोट्याचा सांधा तीन हाडांनी बनतो: नडगीचे जाड हाड, म्हणजे अंतर्जंघास्थी, तिच्या बाहेरच्या अंगाने खाली उतरणारे बारीक हाड, म्हणजे बहिर्जंघास्थी, आणि या दोहोंच्या टोकांनी केलेल्या खाचेत बसणारे टॅलस. ही खाच किती नेमकी असावी लागते हे रॅम्झी आणि हॅमिल्टन यांनी 1976 मध्ये दाखवून दिले. टॅलस बाहेरच्या बाजूला अवघे 1 मिलिमीटर सरकले तरी सांध्यातील स्पर्शक्षेत्र सरासरी 42 टक्क्यांनी घटते, असे त्यांच्या मोजमापात आढळले. त्वचा उघडून हाडाचे तुकडे जागेवर बसवायचे आणि प्लेट व स्क्रूंनी पक्के करायचे, या रूढ शस्त्रक्रियेचा मुख्य आधार हाच असून तरुण रुग्णाच्या बाबतीत त्यावर वाद घालण्याचे फारसे कारण नाही. साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या बाबतीत मात्र हा युक्तिवाद अर्ध्यावरच थांबतो, कारण ठिसूळ हाडात स्क्रूची पकड सैल राहते, घोट्यावर मांस जवळजवळ नसल्यामुळे पातळ त्वचेखाली प्लेट थेट टोचते, आणि मधुमेह असला तर जखम भरून येईलच याची खात्री देता येत नाही.

प्रस्तुत लेखकाच्या घरी हा प्रश्न पुस्तकातून आला नाही. रायपूरच्या उत्तरेला, बिलासपूरकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या भनपुरीत, लाकडाच्या वखारी आणि लोखंडाच्या रोलिंग मिलांच्या शेजारी राहणाऱ्या या मराठी कुटुंबातील आत्याबाई, ज्यांना सत्तरीपूर्वीपासूनच साखरेचा त्रास होता, पावसाळ्यात न्हाणीच्या ओल्या पायरीवरून घसरल्या आणि घोट्याची आतली व बाहेरची अशी दोन्ही टोके मोडली. सूज इतकी होती की शस्त्रक्रिया लगेच करता येईना. पाय उंच ठेवून, त्वचेवर पुन्हा बारीक सुरकुत्या दिसू लागेपर्यंत थांबावे लागेल, असे शल्यचिकित्सकांनी सांगितले. ही सुरकुतीची खूण ऐकायला किरकोळ वाटली, तरी फुगलेल्या, ताणलेल्या त्वचेवर छेद दिल्यास टाके उसवण्याचा धोका फार वाढतो, आणि म्हणून त्या सक्तीच्या विलंबातच सगळ्या पर्यायांची चर्चा घरात झाली.

घरातल्यांचा पहिला कल प्लास्टरकडे होता, आणि तो केवळ भीतीपोटी होता असे म्हणता येणार नाही. ब्रिटनमधील 24 रुग्णालयांत साठीपुढच्या 620 रुग्णांवर झालेल्या आणि 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शस्त्रक्रियेची तुलना भूल देऊन, अगदी कमी कापूस वापरून, पायाच्या आकाराबरहुकूम घट्ट बसवलेल्या प्लास्टरशी केली गेली. सहा महिन्यांनंतर पायाच्या कार्यक्षमतेचे सरासरी गुण 100 पैकी अनुक्रमे 66 आणि 64.5 भरले. जखम चिघळण्याचे प्रमाण शस्त्रक्रियेत 10 टक्के, तर प्लास्टरमध्ये 1 टक्का होते. उलट हाड वाकडे जुळण्याचे प्रमाण प्लास्टरमध्ये 15 टक्के आणि शस्त्रक्रियेत 3 टक्के होते, शिवाय प्लास्टर घातलेल्यांपैकी जवळजवळ पाचव्या हिश्शाला पुढे शस्त्रक्रिया करावीच लागली. असे प्लास्टर बसवणे हे कसबाचे काम असून ते करणारा हात आणि नंतरचे वारंवारचे एक्स-रे हाताशी नसतील तर चाचणीतील आकडे आपल्या दारात लागू होत नाहीत.

शस्त्रक्रियाच करायची तर कोणती, हा पुढचा प्रश्न. बहिर्जंघास्थीच्या पोकळीत खालच्या टोकाकडून लहानशा छेदातून बारीक रॉड सरकवून तो स्क्रूंनी अडकवणे, हा प्लेटला पर्याय. एडिंबरा येथे 65 वर्षांवरील 100 रुग्णांत या दोहोंची तुलना झाली तेव्हा जखमेचे संक्रमण रॉडच्या गटात स्पष्टपणे कमी आढळले, आणि वर्षभरानंतर पायाच्या कामात मात्र लक्षणीय फरक दिसला नाही. तिसरा पर्याय अधिक धाडसी: टाचेतून वर टॅलसमार्गे नडगीच्या हाडात एकच जाड रॉड घालायचा, ज्यामुळे रुग्ण फार लवकर पायावर भार देऊ शकतो, परंतु घोटा आणि त्याखालचा सांधा दोन्ही जखडले जातात. चालण्याची शाश्वती नसलेल्या, अंथरुणाला खिळण्याचा धोका असलेल्या रुग्णासाठी तो उपकारक ठरू शकतो, हे मान्य करावे लागते.

आत्याबाईंनी त्याबद्दल एकच विचारले: जमिनीवर बसता येईल का? वरील दोन्ही चाचण्यांत वापरलेल्या ऑलेरुड-मोलँडर गुणपद्धतीत, जी 1984 पासून चालत आली आहे, वेदनेला 25 गुण, रोजच्या कामाला 20, जिने चढण्याला 10 आणि उकिडवे बसण्याला फक्त 5 गुण आहेत, म्हणजे धावण्याला आणि उड्या मारण्याला प्रत्येकी जेवढे आहेत तेवढेच. भारतीय पद्धतीचा संडास, खाली बसून निवडणे-टिपणे, देवघरासमोरची बैठक हे सारे या 5 गुणांत मावते असे मानणे प्रस्तुत लेखकाला पटत नाही, आणि टाचेतून घातलेल्या रॉडची तुलना भारतात करताना हे कोष्टक जसेच्या तसे उचलणे चूक ठरेल.

शेवटी बहिर्जंघास्थीत बारीक रॉड आणि आतल्या बाजूला दोन स्क्रू असा निर्णय झाला. जखम व्यवस्थित भरली. पाय टेकण्याची परवानगी मात्र घरच्यांना अपेक्षा होती तितक्या लवकर मिळाली नाही; घोट्याच्या शस्त्रक्रियेनंतर दोन आठवड्यांनी भार दिला तरी सहा आठवडे थांबण्यापेक्षा निकाल वाईट येत नाही, असे ब्रिटनमधील 2024 ची चाचणी सांगत असली, तरी मधुमेहामुळे तळव्याची संवेदना कमी झालेल्या रुग्णाला दुखण्याची धोक्याची सूचनाच मिळत नाही, म्हणून शल्यचिकित्सकांनी सावध अवधी धरला. आत्याबाई आता वॉकरशिवाय चालतात, संध्याकाळी घोटा सुजतो, आणि न्हाणीत त्यांनी स्टूल स्वीकारले असले तरी गहू निवडायला त्या अजून खालीच बसतात, उजवा पाय लांब पसरून.