तो यायला तयार नव्हता

रात्रपाळी करून आलो तरी डोळा लागेना. डोक्यात परवाचा डाव. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मधला आमचा म्हातारा योद्धा मेला होता. पुजाऱ्याने पाचशे सुवर्णमुद्रांचा हिरा काढला, त्याला परत आणायचा मंत्र म्हटला. योद्धा म्हणून खेळणारा पोलादपूरचा पोरगा वीस बाजूंचा फासा बोटांत फिरवत म्हणाला, "नाही येणार तो."

नियम त्याच्याच बाजूचा. मरून दहा दिवसांहून जास्त झालेले नसले, तरी आत्मा राजी हवा. आम्ही सगळे हिरमुसलो. मला तर रागच आला. आमच्यासाठी यायला काय हरकत होती?

खिडकीतून औद्योगिक वसाहतीचा तो ओळखीचा उग्र वास. पलीकडे सावित्री नदी. वडाला फेरे घालताना यमाशी वाद घालणाऱ्या सावित्रीचं कौतुक होतं, पण सत्यवानाला कोणी विचारलं? मरून परत आलेल्या कचाचं ठीक, त्याला संजीवनी विद्या न्यायची होती. महाभारतातला सत्यवान उठून म्हणतो, की फार वेळ झोपलो, जागं का केलं नाहीस, मला ओढून नेणारा तो सावळा पुरुष कुठे आहे? मग त्याला आईवडिलांची काळजी लागते. मधल्या वेळात तो कुठे होता, बरं वाटत होतं का, काही नाही.

पोराने नवं पात्र लिहायला घेतलंय. या वेळी चोर. म्हाताऱ्याचं कारण विचारलं तर म्हणे, ते त्यालाच माहीत.