मेटहावच्या चाकोऱ्या

शुक्रवार. सिएटलहून मेटहावच्या खोऱ्यातल्या विन्थ्रॉपला जायचा जवळचा रस्ता म्हणजे नॉर्थ कॅस्केड्स हायवे. पण हिमस्खलनाच्या धोक्यामुळे तो हिवाळाभर बंद असतो. स्टीव्हन्स पासचा वळसा घेऊन आलो, पोचेपर्यंत अंधार पडला होता.

*

कॅस्केड पर्वताचं काम सह्याद्रीसारखंच. समुद्रावरून येणारे ढग तो पश्चिमेलाच रिकामे करतो. मेटहावचं खोरं पलीकडे, पर्जन्यछायेत. इथला बर्फ इतका कोरडा की थंडीत मुठीत कितीही दाबा, लाडू वळला जात नाही.

*

शनिवार. खोऱ्यात क्रॉस-कंट्री स्कीइंगच्या जवळपास २०० किलोमीटर वाटा आहेत. यंत्राने बर्फात दोन समांतर चाकोऱ्या पाडलेल्या असतात, त्यांत स्की घालून चालायचं. टाच मोकळीच राहते. सकाळभर माझा पाय मागे घसरत होता. शेवटी शिकवणाऱ्या बाईंनी स्की उलटी करून दाखवली. मधला भाग कमानीसारखा उचललेला, तळाला माशाच्या खवल्यांसारख्या खाचा. पूर्ण वजन एका पायावर आलं की कमान दबते आणि खवले बर्फ धरतात. मी भीतीने वजन दोन्ही पायांत वाटून घेत होते. कमान दबणार कशी?

दुपारनंतर सलग दहा-बारा पावलं जमली. वृक्षासनात एका पायावर उभं राहतो ना, तसंच; फक्त झाड पुढे सरकतं.

*

संध्याकाळी योग. पट्टे, विटा, ब्लँकेटं पाहून पुणे आठवलं. ही साधनं योगवर्गांत रुळवली ती बी. के. एस. अय्यंगारांनी, शिवाजीनगरची त्यांची संस्था १९७५ची. दिवसभर मांड्यांवर ताण आलेला, म्हणून आधी सुप्त वीरासन, मग भिंतीला पाय टेकून विपरीत करणी. स्कीनंतर हे हवंच, असं माझं ठाम मत झालं आहे.

*

रविवार. स्नोशू घालून पाइनच्या रानात. सशाचे ठसे दिसले: मागच्या पायांचे मोठे ठसे पुढे, पुढच्या पायांचे लहान ठसे मागे. उडी मारताना तो मागचे पाय पुढे नेऊन टेकवतो. ते पाय इतके रुंद की तो भुसभुशीत बर्फात फारसा रुतत नाही. आपले स्नोशू हेच करतात, वजन पसरवतात.

*

स्नोशू घालून जाणाऱ्यांना कळकळीची विनंती: स्कीच्या चाकोऱ्यांत पाय देऊ नका, आपल्या वेगळ्या वाटेनेच जा. पावलांचे खळगे रात्री गोठतात आणि सकाळी येणारा तिथेच पडतो.