परमुलखाचा पैसा

साताऱ्याला गेलेला माणूस कंदी पेढे घेतल्याशिवाय परतत नाही, ही रीत मीही पाळली. पेढ्यांचा पुडा हाती घेऊन मोती चौकात उभा राहिलो आणि सराफांच्या दुकानांकडे पाहता पाहता मनात आले की, ह्या गावाने नाणी किती तऱ्हांची पाहिली असतील! मराठेशाहीत आजच्यासारखा एक रुपया सगळीकडे चालत नसे. पुण्याचा अंकुशी रुपया वेगळा, चांदवडी वेगळा, बागलकोटकडचा मल्हारशाही वेगळा. शिवाय प्रत्येक नाण्याची झीज निराळी. साताऱ्यात हातात पडलेला रुपया चार मुक्काम पुढे चालवायचा, तर पारख्याकडे जावे लागे. तो नाणे वाजवून, घासून, तोलून पाही आणि इतके इतके कापून घेईन म्हणून सांगे. ही जी कापाकापी, तोच बट्टा. 'नावाला बट्टा लागला' असे आपण आजही म्हणतो, तेव्हा बोलतो ती सराफांचीच भाषा.

१८३५ साली कंपनी सरकारने १८० ग्रेन वजनाचा एकच रुपया सगळीकडे लागू केला. बरोबर एक तोळ्याचा. म्हणून आपल्या आज्या 'रुपयाभार' हे वजनच मानीत. १८४८ साली साताऱ्याचे राज्य खालसा झाले. सांगलीचे संस्थान मात्र १९४८ पर्यंत टिकले. पूर्वेला निजामाची मोगलाई होती, आणि तिथे आपला रुपया चाले तो दुय्यम म्हणून. खरा मान हाली शिक्क्याचा. सरकारी शंभर रुपये दिले की हाली एकशे सोळा रुपये आणि वर काही आणे मिळत. म्हणजे सहाला सात, असा सोपा हिशेब. सोलापूरच्या पलीकडे गेलेल्या व्यापाऱ्याला परदेशी गेल्याइतकीच पैशाची उठाठेव करावी लागे. हा हाली शिक्का १९५९ साली चलनातून गेला. तेव्हा 'परकीय चलन' हा शब्द आपल्या जिभेला आज जड वाटतो खरा, पण आपल्या पणज्यांना ती गोष्ट रोजच्या बाजाराची होती.

हे सारे आठवायला एक निमित्त होते. साताऱ्याहून कऱ्हाडमार्गे मी विट्याला निघालो होतो. तिथल्या एका ओळखीच्या घरी नातवाला मस्कतला नोकरी लागली होती, आणि दिवाळी आटोपून तो निघणार होता.

कऱ्हाड सोडले की थोड्या वेळात उसाची हिरवाई विरळ होते आणि माळ सुरू होतो. टेंभूच्या पाण्याने ह्या भागाचे रूप पालटले आहे, पण जुनी माणसे दुष्काळाच्याच खुणा दाखवतात. खानापूर, आटपाडी, शेजारचे खटाव, माण, हा सगळा पावसाने नेहमी चुकवलेला मुलूख. शेतीत भागेना म्हणून इथली माणसे बाहेर पडली. मुंबई तर खरीच, पण मुंबईवरच ती थांबली नाहीत. सोने-चांदी गाळण्याची, शुद्ध करण्याची विद्या त्यांनी हस्तगत केली, आणि पंजाबपासून केरळपर्यंत जिथे म्हणून सोनार आहे, तिथे त्याच्या शेजारी विट्याकडच्या माणसाची भट्टी पेटली. ह्यांना गलाईवाले म्हणतात. दिवाळीत विट्याच्या रस्त्याने हिंडलात तर एकाच पारावर तमिळ, बंगाली, मल्याळी आणि पंजाबी बोलू शकणारी माणसे मराठीत भांडताना दिसतील!

आमचे यजमान आबा हे त्यांतलेच. उभी हयात काठमांडूला काढली. नेपाळातही ह्या भागातल्या गलाईवाल्यांची वस्ती आहे आणि त्यांचा गणेशोत्सवही तिथे होतो. आबांना आता ऐंशी होतील. हाताच्या बोटांवर तेजाबाचे जुने पिवळे डाग आहेत. त्यांनी मला गलाईची कृती समजावली ती एखाद्या सुगरणीने पुरणपोळी सांगावी तशी. एक भाग सोन्याला सुमारे तीन भाग चांदी घालून वितळवायची, तिचे बारीक तुकडे करायचे, आणि तेजाबात उकळायचे. चांदी आणि तांबे विरघळून जाते. तळाशी उरते ती तपकिरी माती. "बघणाऱ्याला वाटंल, हाय काय ह्यात? पर ती माती मुशीत घालायची, टाकणखार टाकायचा, आन् भाता चालवायचा. मग बघा सूर्य उगावल्यावाणी!" शुद्धतेला त्यांचा शब्द टंच. टंच काढल्याशिवाय आबा कशावरही विश्वास ठेवीत नाहीत, जावई पसंत करतानासुद्धा ठेवला नव्हता, असे आजी आतून म्हणाल्या.

आबांनी एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा पुढे ठेवला. त्यात काठमांडूचा संसार होता. नेपाळी नोटा, काही नाणी, आणि एका रुमालात गुंडाळलेल्या आपल्याच पाचशे-हजाराच्या जुन्या नोटा.

नेपाळच्या पैशाची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. तिथे दुकानदार विचारतो, आयसी की एनसी? आयसी म्हणजे आपला रुपया, एनसी म्हणजे त्यांचा. आपल्या शंभराला त्यांचे एकशेसाठ, हा दर १९९३ पासून बांधलेला आहे. गंमत अशी की १९६० सालीही तो एकशेसाठच ठरला होता. मध्यंतरी १९६६ साली आपल्या रुपयाचे अवमूल्यन झाले तेव्हा तो एकशे एकाच्या आसपास आला आणि पुढे वरखाली होत होत पुन्हा मूळ जागी परतला. दर बांधलेला, सीमा मोकळी, तेव्हा अडचण कसली? अडचण अशी की आपला रुपया तिथे चालतो, त्यांचा रुपया इथे चालत नाही. सोनौली किंवा रक्सौलच्या बाजारात नेपाळी नोट घेतील, पण गोरखपूरची गाडी पकडून तुम्ही मुंबईला उतरलात की ती नुसती चित्राची नोट. सांगलीच्या बँकेत तर कारकून ती उलटसुलट करून परत देईल. म्हणून तिथली कमाई घरी आणताना आयसी करून आणावी लागे, आणि तिथे आयसी मिळे ती मोजूनमापून. मिळाली की माणसे साठवून ठेवीत. साठवायला सोईची म्हणून मोठी नोट.

आणि मग ८ नोव्हेंबर २०१६ ची रात्र आली. पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या. इथल्या लोकांनी रांगा लावल्या, घाम गाळला, पण नोटा बदलून तरी घेतल्या. नेपाळातल्या माणसाने कुठे जावे? तिथल्या बँकांत पडून राहिलेल्या नोटा बदलून देण्याविषयी दोन्ही देशांत बोलणी झाली आणि ती तशीच राहिली. २०१८ च्या डिसेंबरात तर नेपाळ सरकारने शंभरावरच्या आपल्या नव्या नोटांनाही मनाई केली. हे नियम पुढेही बदलत आले आहेत, तेव्हा नेपाळला निघणाऱ्याने ताजी चौकशी करूनच खिशात नोटा घालाव्यात.

आबांच्या रुमालात अठरा हजार होते. ते म्हणाले, "पावणं, सोनं कुठंबी न्या, त्येचा टंच त्येच्यापाशीच असतो. कागदाचं तसं न्हाई. कागदाच्या मागं सरकार उभं पायजे, आन् ते बी आज."

आता नातवाचे. मस्कतला रियाल चालतो. डॉलर, पौंड, दिऱ्हाम ही नावे आपल्या कानांवरून गेलेली असतात, ओमानच्या रियालचे तसे नाही. पण नाते जुने आहे. एके काळी आखातात आपलाच रुपया चाले. ते रुपये देऊन तिथे सोने घेत, ते चोरवाटांनी आपल्या किनाऱ्याला लागे, आणि तिकडे गेलेले रुपये आपल्यापुढे टाकून पौंड मागितले जात. ही गळती थांबवायला १९५९ साली रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी निराळ्या रंगाच्या नोटा काढल्या. कुवेतने १९६१ साली स्वतःचा दिनार काढला, बहरीनने १९६५ साली. १९६६ च्या अवमूल्यनानंतर बाकीच्यांनीही पाठ फिरवली. ओमान तेवढा १९७० पर्यंत थांबला. आजही रियालचे हजार भाग करतात त्यांना 'बैसा' म्हणतात. तो आपला पैसाच, थोडा अरबी वाऱ्याने वाकलेला.

निघण्याच्या आठवड्यात शेजारचे मामा आले. वीसेक वर्षांपूर्वी मस्कतहून परतलेले. त्यांनी आणलेले पंचेचाळीस रियाल अडीअडचणीला म्हणून त्यांनी जपून ठेवले होते. "बँक कापून घेईल, माझ्याकडून घे. घरातला पैसा घरात," असे त्यांचे म्हणणे. हिशेब दहा हजारांच्या घरात जात होता, आणि नातवाची आई पैसे आणायला उठलीही होती. नातू मोबाइलवर बोट फिरवीत बसला होता. थोड्या वेळाने तो हळूच म्हणाला, "मामा, ह्या नोटा बंद झाल्यात." ओमानच्या मध्यवर्ती बँकेने जुन्या मालिकांच्या नोटा ३१ डिसेंबर २०२४ पर्यंतच चालतील असे वर्षभर आधी जाहीर केले होते. ती खबर विट्याच्या गल्लीत कोण आणणार? मामा बराच वेळ नोटांकडे पाहत राहिले. आबांनी एक शब्द न बोलता आपला रुमाल सोडला आणि हजाराच्या नोटा मामांच्या नोटांशेजारी मांडल्या. मग दोघेही हसू लागले. सूनबाईंनी चहा ठेवला म्हणून बरे, नाही तर त्या हसण्याचे पुढे काय झाले असते, सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही तासगाववरून सांगलीला गेलो. वाटेत बेदाण्यांच्या शेडी, मग हळदीचा वास, आणि मग कृष्णाकाठचे गणपतीचे दर्शन. सांगली हे पेढ्यांचे गाव, म्हणजे सराफी पेढ्यांचे. गाडगीळांची पेढी इथे १८३२ साली सुरू झाली. पण रियालासाठी सराफाकडे जाऊन उपयोग नाही. परवाना असलेली बँक किंवा चलन बदलणारा अधिकृत व्यापारीच पाहिजे. एका ठिकाणी विचारले तर रियाल शिल्लक नव्हते, मागवावे लागतील म्हणाले, आणि दर सांगितला तो ऐकून आबांच्या कपाळाला आठी पडली. नाव न ऐकलेल्या चलनाचा असाच प्रकार असतो. ज्याचे गिऱ्हाईक थोडे, ते चलन व्यापारी बाळगतो महागात, म्हणून विकतोही महागात आणि विकत घेतो स्वस्तात. फलकावर खरेदी आणि विक्री असे दोन दर असतात. त्या दोहोंमधले अंतर म्हणजेच पणजोबांचा बट्टा.

मग डॉलर घेऊन मस्कतला उतरल्यावर रियाल करावेत की काय? एरवी ह्यात दोनदा बट्टा बसतो. पण रियालची गोष्ट वेगळी. तो डॉलरशी बांधलेला आहे, १९८६ पासून एका रियालला दोन डॉलर साठ सेंट. तेव्हा तिथे डॉलरची अदलाबदल सरळ होते आणि तूट थोडी लागते. सौदीचा रियाल, अमिरातीचा दिऱ्हामही असेच डॉलरला बांधलेले. जिथे चलन असे बांधलेले नाही, किंवा ट्युनिसियासारखे देशाबाहेर न्यायलाच बंदी आहे, तिथे मात्र तिथे पोचूनच बदलण्यावाचून गत्यंतर नसते.

नियम आम्ही समजून घेतले. नोकरीला जाणाऱ्याला बँकेमार्फत भरपूर रक्कम नेता येते, पण नोटांच्या रूपात एका खेपेला साधारण ३००० डॉलरपर्यंतच. बाकीचे कार्डावर. रोख रुपये देऊन घ्यावयाचे तर ५०,००० च्या आत, वरचे धनादेशाने किंवा खात्यातून. परत आल्यावर २००० डॉलरपर्यंत जवळ ठेवता येतात, त्यावरचे १८० दिवसांत बँकेला विकावे लागतात. पहिला पगार महिनाभराने मिळणार, तोवर खोलीचे भाडे, जेवण, बस, असा हिशेब मांडून नातवाने थोडे डॉलर रोख घेतले, तेही कोऱ्या नोटांचे. दुमडलेली, शाई लागलेली नोट परदेशी दुकानदार नाकारतो. उरलेले कार्डावर भरले. पावती मागून घेतली, कारण उलट बदलताना तीच विचारतात.

काउंटरवरच्या मुलीने नोटा मोजून पुढे सरकवल्या. आबांनी त्यांतली एक उचलली, अंगठा आणि तर्जनीमध्ये धरून चोळली, मग खिडकीतल्या उजेडाकडे धरली.

"बाई, ह्येचा टंच कोण काढतं?"

तिला शब्द कळला नाही. तिने पावतीवर शिक्का मारला आणि पुढच्या माणसाला हाक मारली.