मित्राची चिठ्ठी

१९९४ साली अमेरिकेत टेक्सासला थोरल्या बंधूंकडे गेलो होतो. वापरलेल्या काडतुसांच्या पितळी कवचांत पुन्हा दारू व गोळी भरण्याचा त्यांना छंद; तिकडे तो पुष्कळांना असतो. त्या सायंकाळी त्यांच्या हाती एका दिवंगत मित्राची चिठ्ठी होती. तीत ‘पॉइंट थर्टीएट स्पेशल’ रिव्हॉल्व्हरसाठी दारूचे माप लिहिलेले होते.

बंधूंनी दारू बनविणाऱ्या कंपनीची पुस्तिका उघडली. तीच दारू, तीच गोळी. पण छापील कमाल मापही चिठ्ठीतल्यापेक्षा कमी निघाले.

“त्याच्या रिव्हॉल्व्हरने सोसले असेल, माझे सोसेलच असे नाही,” ते म्हणाले आणि पुस्तिकेतील सर्वांत कमी मापापासून त्यांनी आरंभ केला.

हे काडतूस १८९८ च्या सुमाराचे, काळ्या दारूच्या काळातले. आजची धूरविरहित दारू त्यात तळाशीच राहते. चुकून दुप्पट पडली तरी कवच ओसंडत नाही, मात्र रिव्हॉल्व्हर हातात फुटू शकते. म्हणून गोळी बसविण्यापूर्वी ते प्रत्येक कवचात विजेरीच्या उजेडात डोकावत.

चिठ्ठी त्यांनी फाडली नाही. मित्राच्या छायाचित्रामागे जपून ठेवली.