जोडी

वार्षिक अंकासाठी काहीतरी लिहून द्यावे, अशी सूचना फलकावर लागली, तेव्हा आमच्या वर्गात विषयांची वाटणी चटकन होऊन गेली. कुणी पाऊस घेतला, कुणी आजी घेतली, कुणी वसतिगृहातला चहा घेतला. माझ्या वाट्याला काही उरलेच नाही. वास्तविक माझ्याजवळ एक विषय होता, परंतु तो छापील पानावर शोभेल की नाही, याची मला धास्ती होती. कारण माझा विषय आहे मोटारीच्या दोन जुन्या स्प्रिंगा. वाचकांनी हसू नये. हसूच आले, तर शेवटपर्यंत वाचून मग हसावे, एवढीच विनंती.

माझे वडील, म्हणजे आमचे आप्पा, सोळा वर्षे दुसऱ्याची गाडी चालवीत होते. तीन वर्षांपूर्वी पतसंस्थेचे कर्ज काढून त्यांनी एक जुनी लहान एसयूव्ही घेतली. आप्पा तिला जीपच म्हणतात. दिसायला ती जीपसारखी उंच, पण लांबीला चार मीटरांच्या आत. असे का, याचेही कारण आहे. २००६ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात चार मीटरांहून आखूड अशा लहान मोटारींवरचे उत्पादन शुल्क कमी झाले. मग कंपन्यांनी उंच गाड्यासुद्धा कापून-छाटून त्या मापात बसविल्या. आमची गाडी त्यांतलीच एक. पिवळ्या पाटीची. कुणाला कोल्हापूरला दवाखान्यात न्यायचे असते, कुणाला पंढरपूरला जायचे असते, कुणाच्या लग्नाचे वऱ्हाड असते. त्या गाडीवर घराची चूल पेटते, धाकटा भाऊ अकरावी सायन्सला जातो आणि मी बी.ए. करते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली.

दिवाळी नुकतीच झाली होती. आप्पा कुंभार्ली घाट चढून चिपळूणहून रिकामे परत येत होते. गावातल्या शाळेपुढच्या गतिरोधकावर पुढच्या डाव्या चाकातून ‘टण्’ असा आवाज आला. घरी येऊन पाहतात, तो गाडी डाव्या अंगाने कललेली, जणू एक खांदा पडलेला माणूस.

मिस्त्रींनी चाक उतरविले आणि स्प्रिंगचा तळचा तुटलेला वेढा माझ्या हातात दिला. “बघ ताई, तुटलेलं तोंड बघ,” ते म्हणाले. त्या तोंडावर दोन रंग होते. अर्ध्याहून कमी भाग तांबूस काळा आणि उरलेला रुप्यासारखा चकचकीत. काळा भाग ही जुनी चीर, गंजलेली. चकचकीत भाग आज तुटलेला. म्हणजे स्प्रिंग त्या दिवशी तुटली असे आपण म्हणतो, पण तिचे तुटणे कितीतरी आधी सुरू झाले होते. पावसाळ्यात चिखलपाणी तळच्या वेढ्यापाशी साठते, बारीक खडी रंगाचा कपचा उडविते, तिथे गंज धरतो, गंजाचा खळगा होतो आणि प्रत्येक खड्ड्याबरोबर त्या खळग्यातून चीर आत सरकत जाते. वरून काही दिसत नाही. गाडी चालतच असते.

“घाटात तुटली असती तर?” मी विचारले.

मिस्त्रींनी तुटके टोक टायरजवळ धरून दाखविले. टोकाला सुरीसारखी धार होती. पुढे त्यांनी काही सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही. आप्पा मात्र तेवढ्यात तंबाखू मळायला बाहेर गेले.

एक तुटली तरी बदलायच्या दोन्ही. नवी स्प्रिंग आणि दमलेली स्प्रिंग एका आसावर जुळत नाहीत, गाडी एका बाजूला ओढते. नव्या जोडीला साडेपाच हजार, मजुरी बाराशे. घरात आईच्या भिशीचे पाच हजार होते. त्यांतही दोन हजार माझे होते, म्हणजे मला देऊ केलेले. इतिहास विभागाची सहल अजिंठा-वेरूळला जाणार होती आणि सोमवारी पैसे भरायची शेवटची तारीख होती. घरातले कुणी नुसते फिरायला म्हणून कुठे गेल्याचे मला आठवत नाही. त्यामुळे ती सहल माझ्या एकटीची नव्हतीच. आईने तर शेजारणीला सांगूनही टाकले होते.

“जुनी जोडी बघू,” आप्पा म्हणाले. “अठराशेच्या आत बसली, तर पोरीची सहल बी हुतीय.”

मी म्हटले, “सहल राहू द्या, आप्पा.”

“तू गप. आन् रविवारी माझ्यासंगं चल. तुला वाचाय येतंय.”

रविवारी आम्ही महामार्गालगतच्या जुन्या मालाच्या गोदामावर गेलो. खरे सांगायचे, तर त्या दिवशी मी ओढणी डोक्यावरून घेतली होती ती उन्हासाठी नव्हे. महामार्गाने आमच्या वर्गातली मुले येत-जात असतात. इंग्रजीच्या तासाला पहिल्या बाकावर बसणारी मुलगी भंगारात उभी आहे, हे कुणी पाहू नये, असे मला वाटत होते. आज ते लिहिताना हात जड होतो, पण खोटे कशाला लिहू?

ते गोदाम म्हणजे मोटारींचे एक मोठे शवागार होते. एकीकडे दरवाजांची चळत, एकीकडे आरशांचे ढीग, छपराखाली इंजिने ओळीने मांडलेली. दोरीला स्प्रिंगा ओवून टांगल्या होत्या. मालक पिकल्या दाढीचे, सगळे त्यांना चाचा म्हणत. आप्पांनी गाडीचे नाव सांगताच त्यांनी काळ्या कुळकुळीत रंगाची एक जोडी समोर ठेवली. “सोळाशे. घेऊन जा, दादा. नव्यासारखी आहे.”

आप्पांचा चेहरा उजळला. सोळाशे आणि बाराशे अठ्ठावीसशे. सहल आटोपून वर दोनशे उरत होते. त्यांचा हात खिशाकडे गेला.

मिस्त्रींनी मला एक चिठ्ठी दिली होती आणि मापायला कॅलिपरही दिला होता. चिठ्ठीवर चारच ओळी होत्या. तारेची जाडी तेरा मिलिमीटर. वेढे साडेपाच. रंगाच्या खुणा दोन. तळचा वेढा नीट पाहणे. या चार ओळींचा अर्थ आदल्या रात्री मी भावाकडून समजावून घेतला होता. त्याच्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात हूकचा नियम आहे. स्प्रिंग जितकी दाबावी, तितक्या प्रमाणात ती उलट जोर लावते. रॉबर्ट हूक या शास्त्रज्ञाने १६७६ साली हा नियम अक्षरे विस्कटून, कोड्याच्या रूपात छापला होता आणि १६७८ साली त्याचा उलगडा केला. दोन वर्षे माणूस सत्य छापूनही लपवून बसला होता, याची मला मोठी गंमत वाटली. भावाने आणखी एक गणित करून दाखविले. बाकी सारे तसेच ठेवून तारेची जाडी बारावरून तेरा मिलिमीटर केली, तर ताठरपणा एक-तृतीयांशाहूनही अधिक वाढतो, कारण तो जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. आमची गाडी डिझेलवरची. डिझेलचे इंजिन वजनाला जास्त, म्हणून तिची पुढची स्प्रिंग जाड. त्याच गाडीच्या पेट्रोलच्या भावंडाची स्प्रिंग दिसायला तशीच, उंचीला तशीच, पण तार बारीक. नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही. म्हणून कारखान्यात रंगाच्या खुणा करतात.

मी कॅलिपर लावला. एक स्प्रिंग तेरा भरली. दुसरी बारा. पुन्हा लावला, पुन्हा बारा.

“आप्पा, ही जोडी नाही,” मी म्हटले. “या दोन वेगळ्या गाड्यांच्या आहेत.”

आप्पा चिडले. चारचौघांत मी त्यांचा सौदा मोडला होता. “एवढंसं काय हुतंय? कालेजात स्प्रिंगा शिकिवत्यात व्हय?”

गोदामातली दोन पोरे हसली. माझे कान तापले. ओढणी सावरून तिथून चालू पडावे, असे क्षणभर वाटले. सोळाशेला होकार दिला असता, तर आप्पाही खूश झाले असते आणि मी वेरूळला गेले असते. आणि ती स्प्रिंग? ती चाललीही असती कदाचित. चार महिने, सहा महिने. गाडी चालतच असते. पण माझ्या दप्तरात तो तुटका तुकडा होता, दोन रंगांचा. मी काही न बोलता तो बाहेर काढून चाचांच्या टेबलावर ठेवला आणि म्हटले, “चाचा, या स्प्रिंगेचा तळचा वेढा जरा पुसून दाखवाल?”

चाचांनी माझ्याकडे पाहिले, तुकड्याकडे पाहिले. मग फडके पेट्रोलमध्ये बुडवून त्यांनी स्वतःच्या हाताने बारा मिलिमीटरच्या स्प्रिंगेचा तळ खसाखसा पुसला. ताजा रंग फडक्याला आला. खाली गंजाचे खळगे होते, देवीच्या वणांसारखे.

कुणीच काही बोलले नाही. चाचांनी ती स्प्रिंग बाजूला फेकली आणि पोराला म्हणाले, “ही गाडीला द्यायची नाही. तुकडे करून टाक.” मग आमच्याकडे वळून म्हणाले, “रंगवून आलेला लॉट होता. मीही वरूनच बघितला. बेटी, इकडे ये.”

त्यांनी आम्हाला मागच्या अंगणात नेले. तिथे आमच्याच जातीची एक गाडी उभी होती. मागून ट्रकने ठोकरलेली, पाठ पार चेपलेली. पण पुढचे अंग शाबूत होते. चाचांच्या माणसाने पुढच्या दोन्ही स्प्रिंगा दाबयंत्रात आवळून सावधपणे उतरविल्या, कारण दाबलेली स्प्रिंग निसटली, तर माणसाचा जीव घेऊ शकते. दोन्हींवर कारखान्याचा मूळचा रंग होता, धुळीने माखलेला. पुसल्यावर खाली दोन रंगांच्या खुणा अंधूक, पण स्पष्ट दिसल्या. तेरा आणि तेरा. साडेपाच आणि साडेपाच. दोन्ही शेजारी उभ्या केल्या, तर उंची बरोबर. तळचा वेढा मी बोट फिरवून पाहिला. गुळगुळीत होता.

“तीन हजार,” चाचा म्हणाले. घासाघीस करून अठ्ठावीसशेवर आले. त्याच्या खाली येईनात, आणि खाली यावे असे मलाही वाटेना.

अठ्ठावीसशे आणि बाराशे चार हजार. उरले हजार. गणित करायला पदार्थविज्ञान लागत नव्हते. आप्पा पैसे हातात धरून उभे राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. मीच त्यांच्या हातातून नोटा घेतल्या, मोजल्या आणि चाचांच्या हातावर ठेवल्या.

परत येताना आप्पा बराच वेळ गप्प होते. एस.टी. स्टँडजवळ त्यांनी दोन कप चहा सांगितला आणि म्हणाले, “मापायचं ते मला बी दाखीव एकदा.” तिथेच चहाच्या टपरीवर मी त्यांना कॅलिपर लावायला शिकविले. बशीची कड मापली, चमचा मापला, शेवटी त्यांनी स्वतःचा अंगठा मापला. ओढणी कधी खांद्यावर आली, ते मला कळले नाही.

गाडी आता सरळ उभी आहे. मिस्त्रींनी चाकाच्या मध्यापासून वरच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंना टेप लावून दाखविला. माप सारखे आले. जुनी स्प्रिंग घ्यावी, असा उपदेश मी कुणाला करणार नाही. पैसे असतील, तर नवीच घ्यावी. नसतील, तर पुसून, मापून, जोडीने घ्यावी, आणि रंगावर भुलू नये.

मिस्त्री म्हणतात, स्प्रिंग दोन प्रकारांनी जाते. एक तुटते, दुसरी बसते. बसलेली स्प्रिंग तुटत नाही, आवाज करीत नाही, नुसती थोडी थोडी खाली जाते, आणि भार काढला तरी पहिल्या उंचीवर येत नाही. हे ऐकताना मी आप्पांच्या खांद्यांकडे पाहिले. पण तो विषय पुढच्या वर्षीच्या अंकासाठी ठेवते.

एक गोष्ट सांगायची राहिली. सहलीहून परत आल्यावर माझी मैत्रीण चार दिवस वेरूळबद्दल बोलत होती. कैलास लेणे एकाच खडकातून, कळसापासून पायाकडे, वरून खाली कसे कोरीत आणले, ते तिने हातवारे करून सांगितले. मी सारे मन लावून ऐकले. मग तिने विचारले, “तू का गं आली नाहीस?” मी म्हणाले, “मामेबहिणीचे लग्न होते.” तिने लग्नातल्या जेवणाबद्दल विचारले. मी जिलेबी होती, असेही सांगून टाकले.

हूकला आपले कोडे उलगडायला दोन वर्षे लागली. मला दोन महिने लागले. हा अंक ती वाचणारच आहे, म्हणून इथेच लिहिते. बाई गं, लग्न नव्हते. जिलेबीही नव्हती. मला मामेबहीणच नाही. त्या पैशांच्या दोन स्प्रिंगा आल्या, आणि त्या आमच्या गाडीखाली आहेत. कधी आलीस, तर दाखवीन.

— द्वितीय वर्ष, कला