तीन तोळ्यांची दोरी

मासा धरायची दोरी किती वजनाची असावी, असे मला कोणी काही वर्षांपूर्वी विचारले असते, तर मी त्याला मुकाट्याने कोळीवाड्याची वाट दाखविली असती. मी मराठीचा प्राध्यापक. दोरीशी माझा संबंध वेदान्तातल्या त्या सुप्रसिद्ध दोरीपुरता, जी अंधारात साप भासते. परंतु २०२४ च्या मे महिन्यात, कॉलेजच्या सुट्टीत, मी स्कॉटलंडात स्पे नावाच्या नदीच्या काठी उभा राहून तीन दोऱ्यांपैकी कोणती घ्यावी ह्यावर चांगला दोन तास वाद घातला. आणि तोही ज्याच्याशी मी तीन वर्षांत धड बोललो नव्हतो, त्या सख्ख्या धाकट्या भावाशी.

धाकटा ॲबर्डीनला असतो. २००९ साली तो तिकडे शिकायला गेला, पुढे समुद्रातल्या तेलाच्या धंद्यात नोकरीला लागला आणि तिकडचाच झाला. जाताना पैसे कमी पडले तेव्हा आईने आपली तीन तोळ्यांची मोहनमाळ काढून दिली. ती पुन्हा घरी आली नाही. तो विषय आमच्या घरात कोणी काढीत नाही, आणि कोणी काढीत नाही म्हणूनच तो सगळ्यांच्या ध्यानात आहे. २०२१ च्या मे महिन्यात, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, अण्णा गेले. धाकट्याला येता आले नाही. वडिलांचे शेवटचे दर्शन त्याने फोनवर घेतले. फोन मीच धरला होता, आणि माझा हात हलत होता म्हणून त्याला काही नीट दिसले नाही, हे त्याने मला पुष्कळ दिवसांनी सांगितले.

पुढे त्याची नोकरी गेली. मग एके दिवशी त्याने फोनवर सांगितले की, त्याने सामन पकडायची तेरा फुटी जुनी काठी विकत घेतली आहे. "नोकरी नाही आणि काठ्या कसल्या घेतोस?" असे मी बोलून गेलो. त्यानंतर फोन आईच्या नावाने येऊ लागले.

सामन म्हणजे आपला रावस नव्हे. मुंबईच्या बाजारात रावसाला इंग्रजी नाव देताना 'इंडियन सामन' म्हणतात, पण तो निराळ्या कुळातला. खरा सामन नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा आपल्याच नदीत येतो. गोड्या पाण्यात शिरला की तो अन्न घेत नाही. म्हणजे ज्याने उपास धरला आहे, त्याच्यापुढे तुम्ही ताट मांडायचे! तो गळ तोंडात का घेतो, रागाने की जुन्या सवयीने, ह्यावर तिकडे पिढ्यान्‌पिढ्या वाद चालला आहे.

ताटही कसले, तर पिसे आणि केस बांधून केलेली खोटी माशी. ह्या माशांच्या जुन्या कृतींत एक पीस वारंवार येते. ते आपल्या सह्याद्रीत आरवणाऱ्या राखी रानकोंबड्याच्या मानेचे. त्याची भारतातून होणारी निर्यात आता बंद आहे, म्हणून तिकडे हे पक्षी पिंजऱ्यात पाळतात. स्पेच्या काठी कोणा साहेबाच्या टोपीत आपला रानकोंबडा खोचलेला पाहिला तेव्हा मला गाववाला भेटल्यासारखे झाले.

आमचे गाव कर्लीच्या खाडीवर. अण्णा शाळामास्तर, पण रविवारी गळ घेऊन बसत. गरीला सुंगट लावायचे, वर शिशाची गोळी बांधायची आणि डोक्याभोवती दोरी गरगर फिरवून सोडायची. शिसे पुढे धावते आणि दोरी बिचारी त्याच्या मागून फरफटत जाते. आम्ही दोघे भाऊ तांबोशीची वाट पाहत चिखलात बसलेले असू. मासेमारी म्हणजे एवढेच, अशी माझी कालपरवापर्यंत समजूत होती.

माशीच्या गळाचे गणित बरोबर ह्याच्या उलटे. माशीला वजन जवळजवळ नाहीच. पीस फेकून पाहा, पायाशीच पडते. म्हणून वजन द्यायचे ते दोरीला. दोरी जाड, प्लास्टिकचा लेप दिलेली, मध्ये फुगीर आणि टोकाकडे निमुळती. फेकायची ती दोरीच. माशी आपली तिच्या शेपटीला धरून जाते. दोरीच्या वजनाने काठी धनुष्यासारखी वाकली पाहिजे आणि सरळ होताना तिने दोरी भिरकावली पाहिजे. दोरी हलकी पडली तर काठी वाकत नाही, भारी झाली तर मान टाकते. काठी कितीही उंची घ्या, दोरी चुकली की ती निव्वळ तेरा फुटांची छडी.

धाकट्याचे नेमके तेच झाले होते. त्याच्या काठीवर नऊ हा आकडा होता, म्हणून दुकानातून त्याने नऊ नंबरचीच दोरी आणली. दुकानदाराने काही विचारले नाही, ह्याने काही सांगितले नाही. मग तीन महिने तो घराजवळच्या बागेतल्या हिरवळीवर ती काठी फिरवीत होता. कुत्री फिरवायला आलेल्या लोकांनी त्याला नमस्कार करण्याचेही सोडले होते.

ॲबर्डीनहून ग्रॅंटाउन मोटारीने दोनेक तासांवर. वाटेत उजाड डोंगर, मग एकदम भूर्जाची कोवळी पालवी आणि पिवळीधमक काटेरी झुडपे. स्पे नदी सुमारे १७० किलोमीटर लांब. तिच्या खोऱ्यात दारूच्या पन्नासाहून अधिक भट्ट्या आहेत आणि पाण्याचा रंग बिनदुधाच्या चहासारखा आहे. पण ह्या दोन गोष्टींचा संबंध नाही, रंग डोंगरातल्या कुजक्या शेवाळमातीचा. ह्या नदीचे बरेचसे काठ खाजगी मालकीचे, आणि तिथे एक दिवस उभे राहण्याचे भाडे ऐकून कोकणी माणसाला घेरी येईल. ग्रॅंटाउनला मात्र स्थानिक संघटनेच्या ताब्यातला लांबलचक काठ आहे. तिथे पाहुण्यालाही परवाना मिळतो. शिकवायला धाकट्याने अर्ध्या दिवसापुरता एक म्हातारा गिली ठरविला होता. गिली म्हणजे तिकडच्या गेलिक भाषेत पोऱ्या. हा पोऱ्या सत्तरीचा होता.

म्हाताऱ्याने आधी धाकट्याला दोरी फेकायला सांगितले. दोरी वळवळत गेली आणि पाचसहा वावांवर वेटोळे घालून बसली. रज्जुसर्पच! म्हाताऱ्याने दोरीचे टोक चिमटीत धरून पाहिले आणि शांतपणे विचारले, "ही एका हाताच्या काठीची दोरी तुम्हांला कोणी दिली?"

गोम आकड्यात होती. दोऱ्यांच्या वजनांचे नंबर अमेरिकेतल्या सामान बनविणाऱ्यांच्या संघटनेने १९६१ साली ठरविले. दोरीच्या पहिल्या तीस फुटांचे वजन ग्रेनमध्ये मोजायचे. २४० ग्रेन भरले की ती नऊ नंबरची. पण हा हिशेब एका हाताने फेकायच्या नऊदहा फुटी काठीचा. दोन हातांनी धरायच्या काठीवरचा नऊ निराळा. तिला त्याच्या दुपटीहून अधिक वजन लागते. एकच आकडा आणि दोन अर्थ. श्लेष म्हणून मी ह्याला दहापैकी आठ गुण दिले असते, पण धाकट्याचे पैसे गेले होते. म्हाताऱ्याचे सांगणे असे की, दोन हातांच्या काठीसाठी नंबर विसरावा आणि खोक्यावर छापलेले ग्रेन किंवा ग्रॅम वाचावेत.

दुसरी चूक हिरवळीची. स्पेच्या काठाला झाडे आणि उंच दरडी. दोरी मागे उडवावी तर ती फांदीत अडकते. म्हणून एकोणिसाव्या शतकात इथल्या लोकांनी निराळीच फेक काढली. तिला नदीचेच नाव आहे. दोरी पाण्यावरून उचलायची, बाजूने वळवून शेजारी पाण्याला टेकवायची, तिचा पोटफुगा आकडा खांद्यामागे लोंबू द्यायचा आणि तिथूनच पुढे झटका द्यायचा. टेकलेल्या टोकाला पाणी क्षणभर धरून ठेवते, त्या ओढीनेच काठी वाकते. गवत असे धरीत नाही. "तीन महिने तुम्ही पोहण्याचा सराव गादीवर केलात," म्हातारा म्हणाला.

मग त्याने आपल्या मोटारीतून तीन रिळे काढली. विकत घेण्यापूर्वी टाकून पाहावी, हे त्याचे पहिले सूत्र. लुगडेसुद्धा आपण अंगावर टाकल्याशिवाय घेत नाही.

पहिल्या दोरीचा जाड भाग, ज्याला तिकडे 'हेड' म्हणतात, पासष्ट फुटांचा. म्हाताऱ्याने स्वतः ती टाकली तेव्हा ती नदीवरून अशी उलगडत गेली की मी टाळी वाजविली. धाकट्याला अर्थातच ती हवी झाली. त्याचा स्वभाव लहानपणापासून असा. पहिलीतच त्याला हायस्कूलची सायकल हवी होती. लांब हेडचा फायदा खरा आहे: दर फेकीला दोरी हाताने फारशी गोळा करावी लागत नाही. पण एवढी लांबी पाण्यावरून उचलून, वळवून, वेळ साधून टेकवायची म्हणजे हात मुरलेला हवा. धाकट्याने दहा वेळा टाकली, दहा वेळा ती त्याच्या टोपीवर आली. टोपी आणि चष्मा तिकडे शोभेसाठी घालीत नाहीत हे मला तेव्हा कळले.

दुसरी अगदी आखूड, चोवीस फुटांच्या हेडची आणि चांगली वजनदार. ही अमेरिकेच्या वायव्येकडल्या स्कॅजिट नदीची पद्धत. थंड खोल पाण्यात बुडती टोके आणि मोठमोठ्या माशा वाहून न्यायला काढलेली. ती धाकट्याकडून लगेच गेली, पण धप्पकन पडली. "मासा जवळ असलाच, तर आता समुद्रात पोचला असेल," म्हातारा म्हणाला.

तिसरी बेचाळीस फुटांची. नवशिक्याने हेडची लांबी काठीच्या तिपटीपासून साडेतिपटीपर्यंत ठेवावी, असा तिकडचा ढोबळ नियम. तेरा त्रिक एकोणचाळीस, म्हणजे बेचाळीस बरोबर बसते. दोरी तरंगती असावी, कारण बुडालेली दोरी पुन्हा वर काढण्यातच नवख्याची शक्ती जाते. खोल जायचे झाले तर टोकाला बुडता तुकडा जोडता येतो. रंग भडक नारिंगी, म्हणजे आपला आकडा कुठे टेकला आणि कुठे चुकला हे डोळ्यांना दिसते. आणि दोरी व माशी ह्यांच्यामध्ये काठीएवढ्या लांबीची पारदर्शक तार. ती आखूड केली तर पाण्याची पकड सुटते.

म्हाताऱ्याने तिची खोकी माझ्या हातात दिली. तीवर लिहिले होते: ५४० ग्रेन, ३५ ग्रॅम. मी सहज विचारले, हा ग्रेन म्हणजे काय? तो म्हणाला, जवाचा दाणा, जुन्या काळचे माप.

इथे माझ्यातला मास्तर जागा झाला. इंग्रजी अमदानीत तोळा ठरला तो १८० ग्रेनचा. आमच्याकडे बारा माशांचा तोळा, आणि हा वजनाचा मासा 'माष' म्हणजे उडीद, त्यावरून आलेला. पाण्यातला मासा 'मत्स्य' पासून, आणि माशी 'मक्षिके' पासून. तीन शब्द तीन घरांतून निघून एका नदीवर भेटले होते. मी हर्षाने हे सगळे धाकट्याला सांगू लागलो. "तुझी जुनी दोरी २४० ग्रेनची, म्हणजे एक तोळा चार मासे. आणि ही ५४०, म्हणजे बरोबर..."

आणि मी थांबलो.

धाकटा माझ्याकडे न बघता रिळाची मूठ फिरवीत होता. "तीन तोळे," तो म्हणाला. "मी दुकानातच हिशेब केला होता, दादा. म्हणूनच ती घ्यायला नको वाटत होती."

पाण्याचा आवाज येत होता. म्हाताऱ्याला मराठी येत नव्हते, पण त्याने थर्मास काढला आणि लांब जाऊन एका दगडावर बसला. धाकट्याने मग सांगितले की, त्याला सामन पकडायची हौस अशी नव्हतीच. अण्णा गेल्यावर त्याला रविवारी काय करावे ते कळेना. तिथे खाडी नव्हती. आणि तिकडचा कायदा असा की, रविवारी सामनाला गळ टाकायचा नाही! तेव्हा त्याने शनिवार धरला. मी त्याला त्या काठीवरून बोललो होतो. त्याबद्दल मी काय बोललो ते इथे लिहीत नाही. फारसे काही बोललोही नाही.

दोरीचे पासष्ट पौंड, म्हणजे आपले सात हजारांच्या घरातले रुपये, मी दिले. तो नको म्हणाला. मी थोरला आहे.

दुपारी त्याने ती टाकली. वरच्या हाताने ढकलू नका, खालचा हात पोटाकडे ओढा, असे म्हातारा सारखे सांगत होता. दहाबारा वेळा बिघडली. मग एकदा ती पाण्याला टेकली, मागे पोट फुगले, काठी वाकली आणि ती नारिंगी रेघ नदीवरून सरळ होत गेली. धाकटा वळून बघू लागला, पण माझ्याकडे नव्हे. माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे. अण्णा गळ टाकल्यावर नेहमी आमच्या मागे उभे राहत.

मासा मिळाला नाही. मिळता तरी आम्ही सोडूनच दिला असता. १ एप्रिलपूर्वी मिळालेला प्रत्येक सामन सोडण्याची तिकडे २०१५ पासून सक्ती आहे, आणि पुढेही बहुतेक लोक आपण होऊन सोडतात. २०२३ च्या डिसेंबरात ब्रिटनमधला सामन संकटग्रस्त जातींत गणला गेला. म्हातारा म्हणाला, त्याच्या लहानपणी ह्याच डोहात मासे उड्या मारताना मोजता येत नसत. त्या दिवशी आम्हांला एक दिसला. पलीकडच्या काठाला, पाठीवर चांदी घेऊन, वर आला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी रविवार. भावजयीची कुरकुर ऐकत धाकट्याने स्वयंपाकघरातल्या परातीत कोमट पाणी घेऊन दोरी धुतली, फडक्याने पुसली. तेवढ्यात आईचा फोन आला.

"मिळाला का रे मासा?"

"नाही आई," धाकटा म्हणाला. मग माझ्याकडे पाहून हळूच म्हणाला, "दिवसभर तीन तोळे पाण्यात टाकत होतो."

पलीकडे क्षणभर काही ऐकू आले नाही. मला वाटले, फोन तुटला.

"मग ओढून घेतलेस ना परत?" आई म्हणाली. "तिकडे जेवलात का दोघे?"